एका बागेत तीन सीताफळं: धारूर पट्ट्यातल्या दोन एकरांचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या उतारावर मुरमाड जमीन. दोन ओळींत १६ फूट, दोन झाडांत १० फूट, अशा २७ ओळी आणि ओळीला २० झाडं. म्हणजे दोन एकरांत ५४० कलमं. सगळी ‘गोल्डन’ जातीची म्हणून घेतलेली, एकाच रोपवाटिकेतली, एकाच पावसाळ्यात लावलेली. चौथ्या वर्षी पहिल्यांदा झाडं भरून माल लागला आणि बाग एका जातीची नाही हे उघड झालं. काही झाडांची फळं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच काढायला आली आणि क्रेटमध्ये दुसऱ्या दिवशी उकलली. काही झाडांवर फळ मोजकंच, पण जे होतं ते गुळगुळीत आणि हाताला जड. उरलेली झाडं नोव्हेंबर लागला तरी हिरवीगार.

मालकाचं निदान तयार होतं: नर्सरीवाल्यानं तीन जाती मिसळून दिल्या. बाग नीट तपासल्यावर हे निदान चौथ्या हिश्श्याइतकंही खरं निघालं नाही.

आधी हे सांगायला हवं की लवकर पिकणारं, उकलणारं फळ म्हणजे हलकं फळ नव्हे. बालाघाटाच्या डोंगरातलं गावरान सीताफळ चवीला कुणाला हार जाणारं नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच डोंगरी फळाच्या नावलौकिकावर. अडचण जातीची नाही, मिसळीची आहे. गावरान फळ तोडणीनंतर दोन दिवसांत खायला येतं आणि डोळ्यांच्या खाचेतून फुटतं. गोल्डन सावकाश पिकतं आणि सहसा उकलत नाही. दोन्ही एका क्रेटमध्ये गेली की फुटलेल्या फळाचा रस खालच्या थरावर उतरतो, माशी बसते, आणि व्यापारी अख्ख्या क्रेटचा भाव पाडतो. शिवाय तोडणीचा हंगाम महिना-दीड महिना लांबतो आणि पाणी कधी तोडायचं, ताण कधी द्यायचा, हे एकाही झाडाच्या सोयीनं ठरत नाही.

ओळख पटवायला सुरुवात फळापासून केली, आणि ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करावी लागते. याचं कारण पुढे कलमं बांधताना कळेल: फेब्रुवारीत झाडावर ना फळ असतं ना पान, आणि तेव्हा तिन्ही जाती सारख्याच काटक्या दिसतात.

प्रत्येक झाडाची दोन पक्व फळं घेतली. गावरान फळाचे डोळे लहान, उठावदार, दाटीनं बसलेले. पक्व होताना दोन डोळ्यांमधली खाच पांढरट-पिवळी होते आणि रुंदावते. ‘डोळे उघडले’ म्हणतात ते हेच. गोल्डनचे डोळे मोठे, संख्येनं कमी आणि पिकताना सगळ्या सालीलाच सोनेरी पिवळसर झाक येते, नाव त्यावरूनच पडलं. तिसऱ्या प्रकारात डोळे जवळजवळ सपाट, साल गुळगुळीत, खाचेची नुसती रेघ. फळ पिकलं तरी डोळा-डोळा सुटून येत नाही, सुरीनं कापावं लागतं. ही लक्षणं अर्का सहनची. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं ‘आयलंड जेम’ हे अटेमोया आणि ‘मॅमथ’ हे सीताफळ यांच्या संकरातून ती जात काढली. अटेमोया स्वतःच सीताफळ आणि चेरिमोया (सीताफळाच्याच कुळातलं दुसरं फळ) यांचा संकर, त्यामुळे अर्का सहनमध्ये चेरिमोयाचा अंश उतरलेला आहे आणि तो पानाफुलांत दिसतो.

दुसरी कसोटी बियांची. अख्ख्या फळातल्या बिया मोजून फसगत होते, कारण मोठ्या फळात बिया जास्त असणारच. १०० ग्रॅम गर वजन करून घ्यायचा, चाळणीवर घासायचा आणि तेवढ्याच गरातल्या बिया मोजायच्या. अर्का सहनमध्ये त्या दहाच्या आसपास भरतात. गावरानात याच्या दुप्पट-तिप्पट आणि कधी त्याहून जास्त. गोल्डन या दोन्हींच्या मध्ये. (बी फोडू नये, आणि बियांचा चुरा लागलेला हात डोळ्याला लावू नये. डोळ्याला गंभीर इजा होते.)

गोडीवर मात्र जात ओळखायला जाऊ नये. गोडी मोजायच्या ब्रिक्स मीटरवर तिन्ही जाती वीसच्या वर सहज जातात, आणि पावसाच्या झडीत तोडलेलं अर्का सहन हे ताणावर पिकलेल्या गावरानापेक्षा फिकं लागू शकतं. बागेत सगळ्यांत जास्त वाद चवीवरून झाले आणि त्यातून एकाही झाडाचा निकाल लागला नाही.

पानाची साक्ष दुय्यम, पण उपयोगाची. गावरानाचं पान अरुंद, लहान, टोकाकडे निमुळतं. अर्का सहनचं पान मोठं, रुंद, गडद, आणि कोवळ्या शेंड्यावर बोट फिरवलं तर लव जाणवते. गोल्डनचं पान गावरानाहून मोठं असतं खरं, पण पाणी-खत मिळालेल्या गावरान झाडाचं पानही तेवढं होतं. म्हणून गोल्डन आणि गावरान यांच्यात नुसत्या पानावर निवाडा करू नये.

प्रत्येक झाडाच्या खोडावर ऑइल पेंटचा ठिपका दिला: गोल्डनला पांढरा, गावरानाला लाल, अर्का सहनला निळा. ५४० पैकी २२ जागा रिकाम्या होत्या. उरलेल्या ५१८ मध्ये पांढरी ३३१, लाल १४३, निळी ४४.

इथपर्यंत मालकाचं म्हणणं खरंच वाटत होतं. ते फिरलं चौकटीच्या कागदावर. २७ ओळी, २० घरं, प्रत्येक झाडाला एक घर आणि त्यात ठिपक्याचा रंग. अर्ध्या तासाचं काम, पण असा नकाशा काढल्याशिवाय मिसळ कुठून आली हे कळत नाही. निळी ४४ घरं सलग होती: अकरावी आणि बारावी ओळ पूर्ण आणि तेराव्या ओळीची पहिली चार. हा रोपवाटिकेचा दोष. गाडीतून क्रेट जसे उतरले तशी लावणी झाली, त्यात एका जातीचे काही क्रेट चुकून आले आणि ओळीनं लागले. पण लाल घरं अशी नव्हती. १४३ पैकी ९६ वरच्या आठ ओळींत गोळा झाली होती, आणि २२ पैकी १५ रिकाम्या जागाही तिथेच. रोपं क्रेटमध्ये मिसळलेली असती तर ती बागेच्या उंच, उथळ मुरमाच्या कोपऱ्यातच नेमकी का जातील? त्या कोपऱ्याला ठिबकच्या नळ्यांची (लॅटरलची) शेवटची टोकं होती. पाणी क्षाराचं. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खडा धरलेला, म्हणजे तिथे पाणी नीट पोचतच नव्हतं.

मग झाडांच्या बुडाशी बसून माती उकरली. कलम करायला आलेल्या कारागिरानं तिसऱ्याच झाडाला निकाल दिला: “मामा, कलम कुठंय यात? ह्यो तर खुंट वाढलाय सगळा.”

सीताफळाचं कलम गावरान बियांच्या रोपावर बांधतात, त्या रोपालाच खुंट म्हणतात. जोड जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. चांगल्या झाडात तिथे पाचरीची इंग्रजी ‘व्ही’सारखी पुसट खूण, थोडा फुगवटा किंवा बाक आणि वर-खाली सालीच्या पोतात फरक दिसतो. लाल ठिपक्याच्या झाडांत तीन तऱ्हा सापडल्या.

पहिली: जोडाच्या जागी बोटभर वाळलेला खुंटा आणि त्याच्या बाजूनं खालून आलेलं जोमदार खोड. वरचं कलम पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं, खुंटाची मुळं जिवंत राहिली आणि पावसाळ्यात खालून फूट आली. ‘झाड फुटलं’ म्हणून ती कौतुकानं जपली गेली. वरच्या आठ ओळींतली बहुतेक झाडं अशी. शेळ्यांनी शेंडा खाल्ला असेल, असाही एक तर्क निघाला होता, पण सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. डोंगरात हे झाड टिकून आहे ते त्यामुळेच.

दुसरी: जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी काढलीच नव्हती. खोड जाडावलं, पट्टी सालीत रुतली, वरचा भाग उपाशी राहिला आणि वाऱ्यात जोडातच मोडला. एका झाडात पट्टी सालीच्या आत पूर्ण गडप झाली होती. चाकूनं उकरल्यावर निळ्या प्लॅस्टिकचा वेढा निघाला, त्याच्यावर खोड अंगठ्याएवढं आणि खाली मनगटाएवढं.

तिसरी: दोन खोडं, एक जोडावरचं, एक जोडाखालचं, आणि खालचं दुप्पट जाड. आळी करताना माती बुडाशी ओढली गेली, जोड झाकला गेला, त्यामुळे खुंटाची फूट जमिनीतून आलेली साधी फांदी वाटली आणि कुणी काढली नाही. अशी १९ झाडं निघाली.

थोडक्यात, जात बदलून आलेली झाडं ४४ होती, आणि बागेतच जात बदललेली १४३. पहिल्या दोन वर्षांत दर पंधरा दिवसांनी जोडाखालची फूट कोवळी असतानाच बोटानं मोडली असती आणि पट्टी तीन-चार महिन्यांनी उभी चिरली असती तर यांतली पुष्कळ वाचली असती. पाणी न मिळालेली मात्र मेलीच असती. तिथे निदान रिकामी जागा दिसली असती आणि वेळेवर नांग्या भरता, म्हणजे तिथे नवं कलम लावता, आलं असतं.

दुरुस्तीत पहिलं काम सोपं. १९ झाडांचं खालचं खोड जोडाखाली करवतीनं मुळाशी कापलं. आत दबलेलं गोल्डन बारीक होतं, पण मोठ्या झाडाची मुळं त्याला एकट्याला मिळाली की ते एका पावसाळ्यात उसळतं. कापलेल्या जागेला बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचा. लोखंडी भांडं चालत नाही. पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

उरलेल्या १२४ लाल झाडांपैकी १० बागेत विखरून तशीच ठेवली, कशासाठी ते पुढे. ११४ झाडांवर खुंटकलम करायचं ठरलं. इथे एक अनुभव आधीच पदरी होता. आदल्या वर्षी मालकानं शंका आलेली ३० झाडं मे महिन्यात छाटून त्यांवर कलमं बांधून घेतली होती. एकही जगलं नाही. कारणं तीन होती आणि प्रत्येक एकटंच पुरेसं होतं. मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर आणि हवेत ओलावा नाही, त्यामुळे जोडातली नवी पेशी धरण्याआधीच सुकते. काड्या दुसऱ्या गावाहून प्लॅस्टिकच्या पिशवीत मोटारसायकलला लटकवून आणलेल्या, म्हणजे उकडलेल्या. आणि त्या वेळी झाडं पालवलेली होती, काडीवर उभा डोळाच (नवी फूट निघते तो कोंब) नव्हता.

हा शेवटचा मुद्दा सीताफळातच जास्त नडतो. या झाडाचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. देठाचं बूड पोकळ टोपीसारखं डोळ्यावर बसतं. देठ गळाला की डोळा उघडा पडतो आणि मगच फुगतो. आंब्याच्या सवयीनं हिरवी काडी पानं खुडून लगेच बांधली तर डोळा तयारच नसतो. म्हणून काडी घ्यायच्या ८ ते १० दिवस आधी पानाचं पातं कापायचं आणि देठ तसाच ठेवायचा. देठ आपोआप गळून पडला की डोळा उघडा होतो आणि बारीक फुगतो, ती काडी कलमाला आली. जानेवारी-फेब्रुवारीत पानगळ नैसर्गिकच होते, हे काम झाडच करून ठेवतं. फेब्रुवारीचा हंगाम सोयीचा तो यामुळे.

काड्या फक्त पांढऱ्या ठिपक्याच्या, भरपूर फळ दिलेल्या १५ झाडांवरून घेतल्या. गेल्या हंगामाची, पेन्सिलीएवढी जाड, १२ ते १५ सेंटिमीटर लांब, तीन ते पाच डोळ्यांची काडी. ओल्या गोणपाटात, सावलीत, आणि सकाळी काढलेली त्याच दिवशी बांधायची. लाल झाडं जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर कापली, पण प्रत्येकावर उत्तरेकडची एक फांदी ठेवली. सगळं डोकं उडवलं की मुळांचा रस फक्त जोडाशी येऊन साचतो आणि जोड कुजतो. राखलेली फांदी तो रस ओढून घेते आणि मुळांना अन्नही देते.

फांदीच्या टोकाला मधोमध ३ ते ४ सेंटिमीटर चीर, काडीला तेवढ्याच लांबीची दोन बाजूंनी पाचर. फांदी जाड असेल तर काडी मध्ये न बसवता एका कडेला, म्हणजे निदान एका अंगाला सालीखालची हिरवी रेघ हिरव्या रेघेशी भिडते. दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या प्लॅस्टिक पट्टीनं खालून वर घट्ट बांधायचं आणि काडीवर अरुंद पिशवी चढवायची, बर्फाच्या ‘पेप्सी’ची असते तशी. खोडाला चुन्याचा हात, नाहीतर उघडं पडलेलं साल मार्चच्या उन्हात तडकतं. झाडाला तीन कलमं. ड्रिपर बदलून घेतलेले, पाणी थोडं पण रोज.

तीन-चार आठवड्यांत डोळे फुटले. फूट बोटाच्या दोन पेरांएवढी झाल्यावर पिशवी संध्याकाळी काढली. भर दुपारी काढलेली फूट तासाभरात काळी पडते. ११४ पैकी ९१ झाडांवर निदान एक कलम धरलं. उरलेल्या २३ वर जुलैत, पावसाची उघडीप बघून, नव्या फुटव्यांवर पुन्हा बांधलं, तेव्हा मात्र काडीची पानं आधी दहा दिवस कापून ठेवावी लागली. राखलेली फांदी कलमाची फूट दोन फूट झाल्यावर काढली. खुंटाची फूट मात्र दर आठवड्याला येतच राहते. मोठ्या मुळांचा जोर असतो, एक पावसाळा चुकला की पहिले पाढे पंचावन्न. कोवळ्या फुटीवर पिठ्या ढेकूण ही कीडही आधी येते. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की ती आलीच समजावं.

गोल्डन हे ‘एनएमके-०१’ या नावानं नोंदलेलं वाण आहे. वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याला आपल्या शेतात वापर करायची मुभा आहे. त्याच काड्यांची कलमं बांधून रोपवाटिकेसारखी विकणं हा वेगळा विषय, तिथे वाणधारकाची परवानगी लागते. बागेत उरलेल्या काड्या मागायला लोक आले, तेव्हा हा फरक सांगावा लागला.

निळी ४४ झाडं काढायची नाहीत, असं ठरलं. अर्का सहनचं फळ उत्तम, तक्रार फक्त फळधारणेची, आणि ती हातानं सुटते. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, मग नर. तीन मांसल पाकळ्या किंचित विलग होतात तेव्हा आतला स्त्रीकेसराचा घोस ओलसर, चमकदार असतो. परागकण सुटतात तोवर तो सुकलेला असतो. निसर्गात हे काम बारीक भुंगेरे करतात, पण या जातीत ते पुरेसं होत नाही.

पाऊस स्थिरावल्यावर, जून अखेर ते जुलै, हे काम केलं. संध्याकाळी त्या राखलेल्या दहा गावरान झाडांवरची, पाकळ्या सैल होऊ लागलेली फुलं तोडून कागदाच्या पिशवीत ठेवायची. सकाळपर्यंत पुंकेसर करडे होऊन डबीत झटकल्यावर पूड पडते. सकाळी सहा ते नऊ, अर्का सहनच्या किंचित उघडलेल्या फुलात मऊ ब्रश गोल फिरवायचा. गोल म्हणजे खरंच गोल: फळाचा प्रत्येक डोळा वेगळ्या स्त्रीकेसरापासून बनतो, एका बाजूला पराग पोचले नाहीत तर फळ त्या बाजूला बसकं राहतं. जाड फांदीच्या खालच्या अंगाची फुलं निवडायची, तिथे वजन पेलतं. गावरानाचे पराग वापरल्यानं फळ गावरान होईल, ही भीती निराधार आहे. साल आणि गर आईचा. फरक पडेल तो फक्त बीत.

राहिल्या २२ रिकाम्या जागा. त्यासाठी परवानाधारक रोपवाटिकेत गेल्यावर पिशवीतली वरची माती बाजूला सारून एकेक जोड पाहिला. बिलावर जातीचं नाव आणि मातृवृक्षाचा उल्लेख लिहून घेतला. चोवीस कलमं बाजूला काढली होती, त्यांतली दोन परत ठेवली: एकाला जोडाखालून दोन पानांची फूट होती, दुसऱ्याच्या पट्टीवर काडीला अजून एकही नवं पान नव्हतं, जी हिरवळ दिसत होती ती सगळी खुंटाची.

लावताना जोड जमिनीच्या वर वीतभर राहील असा खड्डा भरला, आणि प्रत्येक नव्या कलमाच्या काठीला जोडाच्या उंचीवर पांढरी चिंधी बांधली. खुरपणाऱ्या बायांना एवढंच सांगितलं: चिंधीखाली जे हिरवं दिसेल ते मोडायचं.